आंबली की कळव

६ फेब्रुवारी

मुंगे,

भाचीला फोन का करत नाहीस म्हणून तुझी आई माझ्या मागे लागली आहे. तिला सांग, चाळीस वर्षं बॉयलरशेजारी काढलेल्या माणसाला फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तो मनाने भरतो. गेल्या वेळी तू म्हणालीस "खोली बदलली" आणि मी सगळ्या नात्यात "नोकरी बदलली" सांगून मोकळा झालो. तेव्हा पत्रच बरं. कागदावर ऐकण्यात चूक होत नाही.

आता कामाचं. तुला आठवत असेल, वायनरीत द्राक्षं पिळून झाली की मागे चोथा उरतो. साली, बिया, देठ, सगळा मिळून ढिगारा. आजवर आम्ही तो ओढ्याकाठच्या खड्ड्यात लोटत आलो. गेल्या हंगामात खड्डा पाझरला, ओढ्याचं पाणी जांभळं झालं आणि खालच्या वस्तीतली गुरं त्याला तोंड लावीनात. प्रदूषण खात्याचे साहेब आले, नाकाला रुमाल लावून उभे राहिले आणि नोटीस देऊन गेले. दहा जूनला पुन्हा तपासणी आहे. त्या दिवशी खड्ड्यात चोथा दिसला तर फाटकाला कुलूप. साठ माणसं आहोत आम्ही इथे.

मालकीणबाईंनी सगळ्यांना तळघरात बोलावून विचारलं, काय करायचं? आणि तुझ्या मामाची जीभ तर तुला माहीतच आहे. उभा राहिलो आणि म्हणालो, "ह्या चोथ्याचा गॅस करू आणि त्या गॅसवर माझा बॉयलर चालवू. माझी भाची असलंच काम करते." सगळे खो खो हसले. मालकीणबाई तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बंबमामा, करा." मला इथे सगळे ह्याच नावाने हाक मारतात, मालकीणसुद्धा.

तळघरामागे सिमेंटची एक जुनी टाकी आहे. अर्धी जमिनीत, खोलीएवढी, रिकामी. आता पुढचं तू सांग.

आणि काळजी करू नकोस. तू नेमकी कुठे काम करतेस ते मी इथे बोललो नाही. तुझी आई सांगते तेच सांगितलं, "पाणी खात्यात."

तुझा तोंडाळ मामा


१४ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र काल संध्याकाळी हातात पडलं. माझी घरमालकीण आलेलं टपाल चार-चार दिवस फळीवर ठेवून देते, म्हणून ह्यापुढे कामावर पाठव. पत्ता मुद्दाम ठळक लिहिते: मैलापाणी शुद्धीकरण केंद्र, टाकी विभाग. तिथे टपाल नऊला येतं आणि सव्वानऊला माझ्या टेबलावर असतं.

"काळजी करू नकोस" हे तू मायेने लिहिलंस, ते कळलं. पण मला कसलीच काळजी नाही रे. सहा वर्षं झाली. अख्खं शहर सकाळी उठून जे सोडून देतं, त्यातून मी गॅस काढते आणि त्या गॅसवर आमचे पंप चालतात. ह्यात लपवण्यासारखं काय आहे, हे आईला विचारायचं मी सोडून दिलंय. लग्नाकार्यात ती माझं खातं बदलून सांगते आणि मी ताटाकडे बघत बसते. असो.

आता टाकी. ती म्हणजे पोट आहे असं धरून चाल, म्हणजे चुकणार नाहीस. आत हवा जाता कामा नये. बाहेरून हात लावला तर कोमट लागली पाहिजे, त्यासाठी बॉयलरचं गरम पाणी नळीने तिच्याभोवती फिरव. वर रबरी फुगा बसव, त्यात गॅस साठेल. आधी विरजण लागतं. शेजारच्या गोठ्यातलं शेण पाण्यात कालवून अर्धी टाकी भर आणि तीन आठवडे तिच्या वाटेला जाऊ नकोस. मग चोथा घाल, रोज दहा टोपल्या. अकरावी नाही. बाकीचा चोथा प्लॅस्टिक अंथरून, पायाने दाबून, वरून गच्च झाकून ठेव. तो वर्षभर पुरवायचा आहे.

दर दोन दिवसांनी तळाचा नळ उघडून बादलीभर काढ आणि नीट बघ. आंबायला लागली की लगेच कळव. बाकी सगळं विसरलास तरी चालेल, हे विसरू नकोस.

तुझ्या जिभेचा मला अभिमान आहे. कधीतरी ती आईला उसनी दे.

मुंगी


२६ मार्च

मुंगे, मुंगे, मुंगे!

आंबली!

तू कळवायला सांगितलं होतंस म्हणून हात धुऊन आधी पत्राला बसलो. काल बादलीभर काढलं, आणि काय सांगू! फसफसत होतं. वास असा आंबूस, झणझणीत, की डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षांत मी एवढं जोरात आंबलेलं पिंप पाहिलेलं नाही. मालकीणबाईंना हाक मारून आणलं. त्यांचं नाक म्हणजे आमची प्रयोगशाळा. त्या वाकल्या, मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "बंबमामा, आंबलंय हे नक्की." मग काय, माझी छाती फुगली, आणि वरचा फुगाही टम्म फुगला आहे.

गॅस अजून पेट घेत नाही. काडी लावली की विझते. दमट असेल, होईल.

हंगाम ऐन भरात आहे. सकाळी सहापासून द्राक्षांच्या गाड्या, दुपारभर पिळण, संध्याकाळी चोथा. टोपल्या तू म्हणालीस तशाच घालतो आहे. खड्डा जवळजवळ रिकामा झाला. साहेबांना आता दाखवायला काही उरणार नाही. हसणारे सगळे तोंडात बोटं घालून फिरताहेत.

तुझी आई येऊन बघून गेली. फुग्याभोवती दोन चकरा मारल्या.

विजयी मामा


६ एप्रिल

मामा,

पत्र तू पुन्हा घरच्या पत्त्यावर पाठवलंस. ते सहा दिवस फळीवर पडून होतं. आज मिळालं.

आंबली म्हणजे आजारी पडली! आमच्याकडे टाकी "आंबली" म्हणतात ती मरायला टेकली की. मी तुला धोक्याची खूण सांगितली होती आणि तू मालकीणबाईंना बोलावून ती साजरी केलीस!

हे वाचशील त्या क्षणी चोथा बंद. एक टोपलीही नको. तुमच्याकडे वाइनची आंबटाई मोजायचं यंत्र आहे ना, ते टाकीच्या पाण्यात बुडव आणि आकडा कळव. सातच्या आसपास हवा; आकडा जितका खाली, तितकी आंबटाई जास्त. सहाच्या खाली असेल तर गॅस जन्मात पेटणार नाही.

आणि टोपल्या किती घातल्यास ते खरं सांग. दहावर फुगा असा टम्म होत नाही. मी रागावलेली नाही. घाबरलेली आहे.

पत्र कामावर पाठव.

मुंगी


१० एप्रिल

मुंगे,

आकडा चार पूर्णांक आठ.

हा आकडा आमच्या तळघरात कुणी सांगितला असता तर मी म्हणालो असतो, अजून आंबटाई कमी आहे. इथे सगळं साडेतीनवर छान मानतात. आयुष्यभर "आंबली का?" हा प्रश्न मी देवाला हात जोडून विचारत आलो आणि "आंबली" ऐकलं की घरी जाऊन शांत झोपत आलो. कागदावर ऐकण्यात चूक होत नाही असं लिहिलं होतं ना मी? कागदही मी मनानेच भरला.

टोपल्या चाळीस. कधी पन्नास. झाकलेला चोथासुद्धा साहेबांना चोथाच दिसेल, म्हणून जमेल तेवढा तिच्या पोटात लोटला. तू अकरावी नको म्हणालीस ते दिसत होतं, पण दहा जूनही दिसत होता.

आणखी एक लपवलं. पहिल्या दिवशी लोक हसले तेव्हा मी बॉयलरखोलीच्या किल्ल्या कमरेच्या काढून मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवल्या होत्या. म्हणालो, दहा जूनला माझा बॉयलर चोथ्याच्या गॅसवर चालला तर ह्या उचलीन, नाहीतर नाही. दार उघडायला रोज सकाळी त्यांच्याकडून मागून घेतो आणि संध्याकाळी नेऊन ठेवतो. त्या किल्ल्या मी एकोणीस वर्षांचा असताना कमरेला लागल्या. त्यांच्याशिवाय चालताना एका बाजूला कलल्यासारखं होतं.

तुझ्या कामाचा पत्ता का लिहिला नाही, तेही सांगतो. इथलं टपाल कार्यालयातल्या कारकुनाच्या हातून जातं. त्याने लिफाफा वाचला असता तर दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं असतं. मी तुझी लाज झाकतो आहे असं मला वाटत होतं. झाकत होतो माझी. आणि त्यात तुझे सहा दिवस गेले, टाकीचे गेले.

आज लिफाफ्यावर पूर्ण पत्ता लिहिला आहे. कारकुनाने वाचला, माझ्याकडे बघितलं आणि तिकीट चिकटवलं. बस्स, एवढंच झालं.

टाकी मेली हे अजून मी कुणाला सांगितलेलं नाही. काही होण्यासारखं असेल तर सांग, नाहीतर तसंही सांग.

मामा


१३ एप्रिल

मामा,

पत्र सव्वानऊला मिळालं. बघितलंस?

मेलेली नाही. मरायला टेकलेली आहे, आणि त्यात माझाही हात आहे. आमच्याकडे "आंबली" म्हटलं की चौकीदारसुद्धा धावत सुटतो. हा शब्द तुमच्या तळघरात कसा ऐकू येईल, हे मला सुचायला हवं होतं. मी लहानपणी तुझ्याच पिंपांमध्ये लपाछपी खेळले ना! आणि ऐक, नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही एक टाकी अशीच घालवली होती. वरिष्ठांवर छाप पाडायला जास्त खाऊ घातलं. जिन्यावर बसून रडत होते, तेव्हा आमचे म्हातारे मुकादम आले, शेजारी बसले आणि म्हणाले, "हिला भूक नाहीये, बाळ. हिला विरजण दे." आता हेच मी तुला सांगते.

निम्मा माल उपसून प्लॅस्टिक घातलेल्या खड्ड्यात काढ, ओढ्याच्या बाजूला नको. चुन्याची निवळी थोडी थोडी घाल. घाई केलीस तर तुझी खैर नाही. रोज सकाळी आकडा लिही. आणि विरजण मी पाठवते, माझ्या सगळ्यात ठणठणीत टाकीतलं. बारा बंद पिंपं, सोमवारी ट्रकने निघतील. मुख्य अभियंत्यांची सही घेतली आहे.

अट एकच. पिंपांवर मी स्वतः रंगाने लिहिलं आहे, "शहराचं मैलापाणी. जिवंत. उन्हात ठेवू नये." ते पुसायचं नाही. विचारलं तर खरं सांगायचं. माझ्या टाकीने तुझा बॉयलर पेटवायचा असेल तर तिला स्वतःच्या नावाने येऊ दे.

मुंगी


४ मे

मुंगे,

तुझी बारा पिंपं फाटकातून आत आली तेव्हा जेवणाची सुट्टी होती. म्हणजे झाडून सगळे अंगणात. ट्रकवाल्याने ताडपत्री ओढली आणि तुझी अक्षरं, लाल, हातभर उंच! एक जण वाचतोय, दुसरा त्याला विचारतोय, "काय लिहिलंय?" आणि तिसरा डबा घेऊन लांब जाऊन बसला.

मालकीणबाई आल्या. "हे कुणी पाठवलं?"

मुंगे, माझी पाचावर धारण बसली होती. पण म्हणालो, "माझ्या भाचीने. ती शहराच्या मैलापाण्याच्या केंद्रात टाक्या सांभाळते. मी तुम्हाला पाणी खातं सांगितलं होतं, ते खोटं. आणि टाकी आंबली म्हणजे चांगलं झालं असं सांगितलं, तेही चूक. ती माझ्यामुळे आजारी आहे."

कुणी हसलं नाही. मालकीणबाई एका पिंपाशी गेल्या. "उघडा."

"बाई, नको."

"बंबमामा, ह्या आवारात माझ्या नाकाखालून गेल्याशिवाय काही आत जात नाही."

उघडलं. त्या वाकल्या. त्या चांगल्या दोन वेळा हुंगून सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "ओल्या मातीचा वास आहे. थोडा डांबराचा. घाण तुमच्या टाकीला येते, हिला नाही." मग डबा घेऊन लांब बसलेल्याला म्हणाल्या, "या इकडे, हात लावा पिंपाला." तो आला. सगळेच आले. बारा पिंपं पंधरा मिनिटांत टाकीत गेली.

खड्ड्यातला उरलेला आणि नंतर पिळलेला चोथा आता तू सांगितलास तसा दाबून झाकला आहे. त्यावर नाचायला पिळणखात्यातली सगळी माणसं उतरली होती. खड्डा पूर्ण रिकामा. आकडे लिहितो: पाच दोन, पाच सहा, पाच नऊ, सहा एक. नंतर तीन दिवस सहा एकवरच अडून बसली. मी तिच्याशी बोलतो हल्ली. लोकांनी कीव करणं सोडून दिलंय.

मामा


१२ मे

मामा, आज फक्त आकडा लिहून पाठव. इथे मुकादमकाकासुद्धा रोज सव्वानऊला माझ्या टेबलाशी येऊन उभे राहतात.

मुं.


१७ मे

सहा पूर्णांक नऊ. काडी लावली. पेटला. निळा. विझला नाही. त्यावर चहा केला आणि पहिला कप मालकीणबाईंना दिला. त्यांनी नाकाशी नेला, प्याल्या आणि म्हणाल्या, "साखर कमी आहे." मी रडलो, मुंगे. मुकादमकाकांना माझा साष्टांग नमस्कार.

चहा झाला. उद्यापासून पुन्हा चोथा, रोज दहाच टोपल्या. बॉयलर अजून व्हायचा आहे.


११ जून

मुंगे,

सावकाश लिहितो. काही गाळायचं नाही.

काल सकाळी दहाला साहेब आले. तोच रुमाल, घडी करून खिशात. आधी खड्डा पाहिला. त्यात बेडूक होता, चोथा नव्हता. मग ओढ्याचं पाणी बाटलीत घेऊन उन्हात धरलं. मग झाकलेले ढीग. "हा चोथाच आहे की!" म्हणाले. मालकीणबाई म्हणाल्या, "चोथा होता. आता ते सरपण आहे. चला, कुठे जळतं ते दाखवते."

बॉयलरखोलीत सगळे कोंबून उभे राहिले. तुझी आईही आली होती, मागे, दाराशी. डिझेलचा नळ मी सगळ्यांसमोर बंद केला. मुंगे, चाळीस वर्षांत बॉयलर पेटवताना तो मी पहिल्यांदाच बंद केला. गॅसचा नळ उघडला. काडी लावली. एक क्षण काहीच नाही. मग भप्पकन आवाज झाला आणि निळी ज्योत भट्टीभर पसरली. मला सगळ्या आवाजांतला हा एकच आवाज पूर्ण ऐकू आला. दाबाचा काटा चढायला लागला. वीस मिनिटांत वाफ झाली आणि पिंपं धुणाऱ्यांनी पलीकडून ओरडून सांगितलं, पाणी कढत आलं! मग जो गलका झाला, तो तुला तिकडे ऐकू आला असेल.

साहेब ज्योतीकडे बघत राहिले. टाकीत सुरुवातीला काय घातलं, ते त्यांना नोंदवायचं होतं. "विरजण कुठून आणलं?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी दाराशी आवाज आला. चांगला खणखणीत.

"माझ्या लेकीकडून. ती मैलापाणी केंद्रात आहे. अख्ख्या शहराची घाण माझी लेक सांभाळते. लिहा."

साहेबांनी लिहिलं, मुंगे. तुझ्या आईने पुढे येऊन त्यांनी बरोबर लिहिलंय का ते वाचून घेतलं.

नोटीस रद्द झाली. संध्याकाळी मालकीणबाईंनी किल्ल्या टेबलावरून आणून माझ्या हातात दिल्या नाहीत, स्वतः कमरेला अडकवल्या. चालताना पुन्हा सरळ झालो. टाकीतून निघालेला गाळ परवापासून द्राक्षांच्या मुळाशी जाणार आहे, म्हणजे पुढच्या वर्षी तुझं शहर आमच्या बाटल्यांत उतरेल. हे मात्र गिऱ्हाइकांना सांगायचं की नाही, ह्यावर मालकीणबाई विचार करताहेत.

दोन पाट्या रंगवल्या. तळघराच्या दारावर: "आंबू द्या." टाकीवर: "आंबू देऊ नका." नवा माणूस आला की पाच मिनिटं मध्ये उभा राहून डोकं खाजवतो.

लिफाफा तुझ्या आईने माझ्या हातून घेतला. म्हणाली, पत्ता मी लिहिते.

किल्लीवाला मामा


१५ जून

मामा,

पत्र सव्वानऊला आलं. तुझं पत्र मी दुपारी वाचलं. सकाळभर लिफाफाच हातात होता.

आईचं अक्षर सहा वर्षांत माझ्या कामाच्या टेबलावर कधी आलं नव्हतं. तिने सबंध लिहिलंय, एकही शब्द गाळलेला नाही. "मैलापाणी शुद्धीकरण केंद्र, टाकी विभाग." माझ्या नावाआधी "टाकीप्रमुख" असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्यात. मी टाकीप्रमुख नाही हे तिला सांगू नकोस. मुकादमकाका म्हणाले, आता व्हावंच लागेल.

लिफाफा टाकीच्या काट्याशेजारी भिंतीवर लावला आहे. आईला सांग, चार दिवसांची सुट्टी घेऊन येते आहे, आणि ह्यापुढे लग्नाकार्यात ताटाकडे बघत बसणार नाही.

मुंगी